वजा केलेली पावलं

ओजूच्या लसीची तारीख बुधवारची होती आणि गुरुवारी बर्फ येणार हे ऋजुताला सोमवारीच कळलं होतं. कळलं नसतं तरच नवल. बर्फाकडे कान लावून बसायचं, हीच तर तिची नोकरी होती.

“दहा दिवसांनी टोचली तर काय आभाळ कोसळणार आहे?” नवऱ्याने पुण्याहून फोनवर विचारलं.

“दहा दिवसांनी गाडी सुटेल याची खात्री कोण देणार? मागच्या वर्षी असंच आज-उद्या करता करता मार्च उजाडला.”

“ऋजू, तू काळजी करायचे क्लासेस काढ. झकास चालतील.”

ती हसली, पण लसीचं कार्ड तिने त्याच रात्री ओजूच्या जॅकेटच्या आतल्या खिशात पिनने टाचून ठेवलं.

शेवटी ओजूला आबीने नेलं. आबी म्हणजे आजी. त्सेरिंग हे तिचं खरं नाव शिंगरीत कुणी घेत नसे. तिचा नवरा नवांग दोर्जे रुळांवर गस्त घालायचा. ऋजुता ड्युटीवर असली की साडेचार वर्षांची ओजू त्यांच्याच घरी, बुखारीजवळच्या, म्हणजे लाकडाच्या शेगडीजवळच्या गालिच्यावर. बुधवारी खालच्या गावी लस टोचायची, रात्री आबीच्या बहिणीकडे राहायचं आणि गुरुवारी सकाळच्या गाडीने परत, असं ठरलं. ऋजुताने तीनदा वेळापत्रक पाहिलं, चारदा हवामान पाहिलं आणि मग हो म्हटलं.

लेहपर्यंत रेल्वे पोचून तेव्हा तीन हिवाळे झाले होते. शिंगरी हे त्या मार्गावरचं छोटं स्टेशन. दोन फलाट, एक नियंत्रण कक्ष, बारा घरं. खानदेशातल्या उन्हात वाढलेली ऋजुता सपकाळे इथे दोन वर्षांसाठी आली होती ती एका यंत्रासाठी. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. शिंगरीत सगळे त्याला ‘कान’ म्हणत.

रुळांच्या कडेने हातभर खोल एक काचेची तार पुरलेली होती, केसाएवढी बारीक. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा लेसरचा झोत सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच, आणि प्रत्येक दोषावरून थोडासा प्रकाश मागे फिरतो. आसपासची जमीन किंचितही थरथरली की तार तेवढ्याच जागी ताणली जाते आणि मागे फिरणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. ती कोणत्या मीटरवर बदलली, हे प्रकाशाला परतायला लागलेल्या वेळावरून कळतं. चाळीस किलोमीटर तार म्हणजे जमिनीखाली ओळीने मांडलेले चाळीस हजार कान.

ते ऐकायचे काय, तर बर्फ. उतारावरचा बर्फ एकजीव नसतो. हंगामाच्या सुरुवातीला पडलेला थर तळाशी साखरेसारखा सुटा होऊन राहतो. त्याच्यावर नवं ओझं चढत गेलं की एक क्षण असा येतो की तळ बसतो. बसताना ‘धप्’ असा दबका आवाज होतो आणि मग अख्खा उतार सुटतो. त्या आवाजाच्या आधी कितीतरी वेळ बर्फ आतल्या आत कुरकुरत असतो. माणसाला ती कुरकुर ऐकू येत नाही. कानाला यायची. हिमलोट सुटायच्या दोन ते सहा मिनिटं आधी कक्षात लाल दिवा लागायचा. गाडी थांबवायला दोन मिनिटं पुष्कळ होतात.

पण पहिल्या हिवाळ्यात एकसष्ट वेळा लाल दिवा लागला, आणि त्यातल्या पंचावन्न वेळा उतारावर काहीही घडलं नाही. घडलं होतं ते एवढंच, की गस्तवाला चालत होता. त्याच्या बुटाखाली बर्फ दबला की तो आवाज यंत्राला थेट त्या ‘धप्’सारखा वाटे. दर वेळी गाडी थांबायची. आणि बर्फात उगीच थांबणं म्हणजे दुसरं संकट. चाकांखाली बर्फ घट्ट बसतो, वरच्या विजेच्या तारेवर गोठतो, आणि वारा मागचा रस्ता बुजवून टाकतो.

म्हणून गस्तवाल्यांची चाल नोंदवायची ठरली. चौघांनी आपापला पट्टा तीन-तीनदा चालायचा, रुळावर नेहमीसारखे हातोडीचे ठोके देत. यंत्र प्रत्येकाची पावलं आणि ठोके शिकणार, आणि पुढे ते ऐकू आले की वजा करणार.

“म्हणजे मॅडम, हे मशीन मला ओळखणार?” नवांगने विचारलं होतं. त्याचं हिंदी हळू, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखं.

“ओळखणार आणि सोडून देणार.”

“माझी बायको चाळीस वर्षं तेच करतेय.”

सगळे हसले. मग नवांगने टोपी काढून हातात घेतली. “एक विचारू? आम्ही कुठे बसलो, किती वेळ बसलो, आडोशाला कधी गेलो, हे सगळं लिहून ठेवणार का हे?”

हसणं थांबलं. बाकीचे तिघे बुटांकडे बघू लागले. चौघांनी ठरवूनच हा प्रश्न आणला होता, हे ऋजुताच्या लक्षात आलं.

यंत्रात दोन सोयी होत्या. पावलं वेगळी काढून साठवायची, किंवा बोगद्याच्या तोंडाशी बसवलेल्या पेटीतच ती वजा करून टाकायची. दुसऱ्या प्रकारात मागे काहीही उरत नसे. पुस्तिकेत पहिल्या सोयीची शिफारस होती.

ऋजुताला नाना आठवले. तिचे वडील चावीवाले होते. रूळ पकडून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज ठोकत उन्हातून चालायचे. त्यांच्या गळ्यात साहेबांनी जागा दाखवणारं यंत्र अडकवलं होतं. एकदा पोटात कळ आली म्हणून ते बाभळीखाली अकरा मिनिटं बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांना त्या अकरा मिनिटांचा जाब विचारला गेला. नाना घरी आले आणि जेवले नाहीत. त्यांना तसं बसलेलं बारावीतल्या ऋजुताने दारातून पाहिलं होतं.

“तुमचं एकही पाऊल कुठे राहणार नाही,” ती म्हणाली. “पेटीतच पुसलं जाईल. माझा शब्द.”

संध्याकाळी आबीने वाळवलेल्या चीजची पुरचुंडी पाठवली. पुढच्या हिवाळ्यात खोटा दिवा फक्त चार वेळा लागला. वरून कौतुकाचं पत्र आलं. गस्तवाल्यांच्या गळ्यात अडकवायच्या शोधयंत्रांची फाइल मात्र मागे पडली. एक तर पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली त्यांचा इशारा फाटायचा, आणि दुसरं म्हणजे सगळेच म्हणू लागले, आता कान आहे की.

गुरुवारी सकाळी आठपासून बर्फ पडत होता. सरळ नाही, तिरपा. नियंत्रण कक्षात ऋजुता आणि स्टेशन मास्तर ठाकूर दोघंच होते. ठाकूर पालमपूरचे, निवृत्तीला आलेले, सतत काहीतरी चघळणारे.

“गाडी वेळेवर आहे,” ते म्हणाले. “एकशे सत्त्याऐंशी माणसं. त्यात एक तुझी. आता तरी बस खाली.”

“बसलेच आहे की.”

“खुर्चीच्या टोकावर. त्याला बसणं नाही म्हणत.”

शिंगरीच्या अलीकडे दहाव्या नंबरचा बोगदा. त्याच्या आणि नवव्या बोगद्याच्या मध्ये दीड किलोमीटर उघडा पट्टा होता, एका बाजूला खोल नदी, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मधोमध रुळालगत एक दगडी संरक्षक भिंत. दहा वाजून बारा मिनिटांनी नवांगचा वायरलेस आला. “नऊ नंबरपासून भिंतीपर्यंत रूळ मोकळा. पुढे जातोय.”

दहा एकवीसला गाडी नवव्या बोगद्यातून बाहेर पडली. चोविसाव्या मिनिटाला लाल दिवा लागला.

ऋजुताचा हात आधी हलला, मन नंतर. चालकाला थांबायचा हुकूम गेला. लगोलग तिने वायरलेस उचलला. “नवांगजी, उतार सुटतोय! बाजूला व्हा!”

“झोपडी जवळच आहे,” तो म्हणाला. धापा टाकत होता, पण आवाज शांत होता. “पोचतो.”

दहा सत्तावीसला उतार सुटला. पडद्यावर पांढरा पट्टा उमटला, दोनशे मीटर रुंद. गाडीचं इंजिन त्याच्या तीनशे मीटर अलीकडे उभं होतं.

ठाकूरांनी टेबलावर मूठ आपटली. “वाचवलंस, मुली! सगळ्यांना वाचवलंस!”

“नवांगजी,” ऋजुता म्हणाली. “नवांगजी, ऐकू येतंय?”

खरखर.

गस्तीची झोपडी कड्यात कोरलेली होती. आत वायरलेस पोचत नसे. आत तारेचा फोन होता, पण लोटाने ती तार तोडली असणार, कारण फोनही मुका होता. म्हणजे तो झोपडीत सुखरूप बसलेला असेल, किंवा नसेल.

“कान काय म्हणतो?” ठाकूरांनी विचारलं. “शेवटी कुठे होता तो?”

“कानाला तो ऐकू येत नाही.”

“म्हणजे?”

“त्याची पावलं वजा होतात. ठोकेसुद्धा. नोंदच राहत नाही. तो बर्फाखाली असेल, शुद्धीवर असेल, तर रुळावर ठोकणार. हातोडी हातात असणार त्याच्या. तार ते ऐकेल आणि पेटी पुसून टाकेल.”

“मग पुसू नको म्हणून सांग ना तिला!”

“सांगता येतं. पण पेटी बंद होऊन पुन्हा सुरू होते. नऊ मिनिटं. तेवढा वेळ चाळीसच्या चाळीस किलोमीटर बहिरे.”

ठाकूरांचं चघळणं थांबलं. दोघांनी पडद्याकडे पाहिलं. गाडी उभी होती त्या जागेच्या वर दुसरा उतार होता, आणि त्याच्यावर पिवळी रेघ थरथरत होती. कुरकुर. अजून लाल नव्हती. गाडीला मागे नवव्या बोगद्यात घ्यायला हवं होतं. बर्फ फेकणारं पातं फक्त इंजिनाच्या पुढे होतं. मागे बोगद्याच्या तोंडाशी वाऱ्याने ढीग साचवायला सुरुवात केली होती. माणसांनी फावड्यांनी वाट करत, डब्यामागून डबा आत ढकलायचा. पंधरा-वीस मिनिटं. त्या वेळात उतार बिथरला तर कुठे थांबायचं आणि कधी जोर लावायचा, हे चालकाला सांगणारं दुसरं कुणीही नव्हतं.

बर्फाखाली गाडलं गेलेलं माणूस पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सापडलं तर बहुधा वाचतं. त्यानंतर आशा कड्यावरून घसरावी तशी घसरते. हे ऋजुताने प्रशिक्षणात आलेखावर पाहिलं होतं. तो आलेख आत्ता तिच्या डोळ्यांपुढे पडद्याइतका स्पष्ट होता.

“नियमाने प्रवासी आधी,” ठाकूर हळूच म्हणाले. “पण कान तुझा आहे. मी सही करेन तू म्हणशील त्यावर.”

“गाडी आधी,” ऋजुता म्हणाली.

इतक्या चटकन म्हणाली की ठाकूरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिसरा डबा, डावीकडची खिडकी. तिकीट तिनेच काढलं होतं.

शिंगरीहून चार जण फावडी आणि लांब काठ्या घेऊन दहाव्या बोगद्यातून निघाले. झोपडीशी पोचून त्यांनी वायरलेसवर सांगितलं, “इथे कुणी नाही.” मग दोनशे मीटर बर्फात ते एकेक हातावर काठी खुपसत चालू लागले. सुईसाठी शेत खणावं तसं.

ऋजुता चालकाशी बोलत राहिली. मागे घ्या. थांबा. पिवळं वाढतंय, थांबा. आता घ्या. तिचा आवाज अगदी स्थिर होता. नंतर ध्वनिमुद्रण ऐकताना तिला तो परक्या बाईचा वाटला.

दहा सत्तेचाळीसला शेवटचा डबा आत गेला, पाठोपाठ इंजिन. त्याच मिनिटाला तिने पेटी बंद केली.

नऊ मिनिटं पडदा काळा होता. दहा छप्पन्नला तो उजळला आणि पहिल्याच ओळीत ठोके होते.

दोन ठोके. थांबा. दोन ठोके.

“दोनशे बारा किलोमीटर, तीनशे अठरा मीटर!” ती वायरलेसवर ओरडली. “नदीच्या बाजूचा रूळ! जिवंत आहे, ठोकतोय, धावा!”

काठीवाले साठ मीटर पलीकडे होते. मांडीभर बर्फात साठ मीटर म्हणजे काय, ते चालल्याशिवाय कळत नाही. ऋजुताने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ठोके येत होते. त्यांच्यातलं अंतर वाढत होतं. एकदा नुसताच एक ठोका आला. अकरा वाजता ते थांबले.

माणसं खाली पोचली तेव्हा अकरा चौदा झाले होते. नवांगचा उजवा हात रुळाशी मोकळा सापडला, भिंतीच्या आडोशाने तेवढी पोकळी राहिली होती. तोंडासमोरचा बर्फ त्याच्याच श्वासाने वितळून पुन्हा गोठला होता. काचेसारखा.

दुसरा उतार त्या दिवशी सुटलाच नाही. त्या हिवाळ्यातही नाही.

चौकशी झाली. आलेल्या तीन अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून लिहिलं की निर्णय नियमाला धरून होता आणि एकशे सत्त्याऐंशी प्राण वाचले. त्यातल्या सर्वांत तरुण बाई निघताना ऋजुताचा हात दाबून म्हणाल्या, “कुणीही हेच केलं असतं.”

ऋजुता घरी येऊन वजाबाकी करायची. दहा तीसला पेटी बंद केली असती तर दहा एकोणचाळीसला ऐकू आलं असतं. लोट पडल्यावर बाराव्या मिनिटाला. काठीवाले तेव्हा नुकतेच पोचत होते. कपडे धुताना, भात लावताना, ओजूच्या केसांचा गुंता काढताना ती ही वजाबाकी करायची, आणि उत्तर दर वेळी तेच यायचं.

उरलेले तिघे गस्तवाले एके दिवशी कक्षात आले. “आमची पावलं ठेवा मॅडम,” त्यांच्यातला मोठा म्हणाला. “बसलेलं, उठलेलं, सगळं ठेवा.” तिने ठेवायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की आता पाच तासांच्या गस्तीत तिघांपैकी कुणीच कुठे बसत नाही.

आबीकडे ती एकोणपन्नासाव्या दिवसानंतर गेली. तोवर गेलेल्यासाठी लामांचे पाठ चालू होते, घर माणसांनी भरलेलं होतं, आणि ते तिच्या पथ्यावर पडलं होतं. मधल्या काळात ओजू कक्षातच टेबलाखाली खेळायची आणि रोज विचारायची, “आबीकडे कधी?”

आबीने बुखारीत लाकूड सरकवलं. लोणी घातलेला खारा चहा पुढे ठेवला. ओजू धावत जाऊन तिच्या मांडीत बसली, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

“पोमो,” आबी म्हणाली. मुलगी. ती ऋजुताला नेहमीच अशी हाक मारायची. “सगळे सांगतात, तो लगेच गेला. ठाकूर म्हणाला, बर्फ पडला आणि संपलं. तू मशीनवर होतीस. तू सांग.”

ऋजुता ‘हो’ म्हणायचं ठरवून आली होती. वाटेत तिने ते दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. ठोक्यांचा उल्लेख अहवालात होता, पण तो इंग्रजीत होता आणि आबी तो कधीच वाचणार नव्हती.

“तो ठोकत होता,” ती म्हणाली.

आबीचा हात ओजूच्या केसांत थांबला. “किती वेळ?”

“मला चार मिनिटं ऐकू आलं. त्याच्या आधी अर्धा तास मला ऐकूच येत नव्हतं. मीच तसं करून ठेवलं होतं. तो कधीपासून ठोकत होता, ते आता कधीच कळणार नाही.” तिने श्वास घेतला. “आणि मला आधी ऐकता आलं असतं. पण गाडी उताराखाली उभी होती. मी आधी गाडी आत घेतली.”

“गाडीत मी होते.”

“हो.”

“आणि ही.”

“हो.”

“ही नसती तर?”

बुखारीत लाकूड तडतडलं. एकशे सत्त्याऐंशीतून एक वजा केला की एकशे शहाऐंशी उरतात. तेवढी माणसंही पुरेशी आहेत, असं ऋजुताला म्हणायचं होतं. ते खरंही असेल. पण ‘गाडी आधी’ हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे एकच खिडकी होती.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही मला.”

आबीने ओजूची बोटं हातात घेतली. मग म्हणाली, “मी हिला बोटांवर मोजायला शिकवत होते. आमच्या बोलीत. गाडी थांबली होती ना, ही कंटाळली होती. ती हसत होती, मीही हसत होते.” तिने पदरासारखी शाल तोंडावर ओढली, पुन्हा खाली घेतली. डोळे कोरडे होते. “तो तिकडे ठोकत होता, आणि मी इकडे हसत होते.”

“आबी—”

“उद्यापासून मुलीला पाठव. सकाळी नऊला. टेबलाखाली वाढवायची नसतात मुलं.” तिने ओजूला मांडीवरून अलगद उतरवलं. “पण तू दारापर्यंत येऊ नकोस. वळणावरून सोड. मला तुझ्यावर रागावायचं नाहीये, पोमो. पण तुला पाहिलं की मी मिनिटं मोजायला लागते.”

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. वळणापासून आबीचं घर चाळीसेक पावलांवर, वाट फावड्याने मोकळी केलेली, पण कडेला ओजूच्या कमरेएवढा बर्फ.

“तू नाही येत?” ओजूने विचारलं.

“नाही. तू मोठी झालीस ना. मी इथून बघते.”

ओजू निघाली. मधेच घसरून गुडघ्यांवर पडली आणि मागे वळून पाहू लागली. ऋजुताने खिशातले हात घट्ट मिटले आणि जागची हलली नाही. रडावं की नाही, हे ओजूला ठरवता येत नव्हतं.

दार उघडलं. आबी पायांत नुसते लोकरी मोजे असताना तशीच बर्फात आली. तिने ओजूला उभं केलं, गुडघे झटकले, नाक पुसलं, आणि बोट धरून आत नेलं. वळणाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

दार लागलं. ऋजुताची ड्युटी साडेनऊची होती. सव्वानऊपर्यंत ती तिथेच उभी होती.